न आटणारी म्हैस

कुठलीही म्हैस कधी ना कधी आटतेच. व्याली की आठ-दहा महिने दूध देते, मग धार बारीक होत जाते, आणि एक दिवस चरवी कोरडीच परत येते. पुढचं वेत होईपर्यंत घरात विकतचं दूध. गोठ्यात वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. दीप्ती कुरणेलाही ते कुणी शिकवलं नव्हतं. म्हणूनच पंचधारा दूध संघाच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात तिनं जी चाचणी बसवली, ती तिच्याआधी तिथल्या कुणालाच सुचली नव्हती.

पंचधारा संघाला दोनशेच्या वर गावांतून दूध यायचं. पूर्वी प्रत्येक गावच्या डेअरीत एक जाडजूड वही असे. लेखापरीक्षक जायचे, पाच-दहा पानं उलटायचे, चहा प्यायचे आणि सही करून परत यायचे. शितावरून भाताची परीक्षा. तीन वर्षांपूर्वी संघानं डेअऱ्यांना संगणक द्यायला सुरुवात केली आणि वर्षभरात ते सगळीकडं पोचले. आता कुणी किती लिटर घातलं, फॅट किती लागली, हे सकाळ-संध्याकाळ कोल्हापूरच्या कचेरीत येऊन पडायचं. म्हणजे आता भाताचं प्रत्येक शीत दाबून बघता येत होतं. फक्त कसं दाबायचं, ते ठाऊक हवं.

दीप्तीनं एक्सेलमध्ये दोन वर्षांचे आकडे घेतले आणि एकच साधा प्रश्न विचारला: या काळात एकही वेळ न चुकवता दूध घातलेली खाती किती?

एकोणसत्तर निघाली. त्यांतल्या अडुसष्टांचं उत्तर सरळ होतं. घरात पाच-सहा जनावरं, एक आटली की दुसरी व्यालेली. अशा खात्यांत लिटरचा आकडा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. गोठा हलता आहे हे आकड्यांवरूनच दिसायचं. एक ओळ मात्र वेगळी होती. ओळ क्रमांक ११८८. सकाळी सव्वादोन-अडीच लिटर, संध्याकाळी थोडं कमी. एका म्हशीचं दूध. आणि ती म्हैस दोन वर्षांत एकदाही आटली नव्हती.

ओळ कुणाची हे दीप्तीला दिसत नव्हतं. विभागप्रमुख राजवर्धन इंगवले साहेबांचा तसा नियम होता. चाचणी पुरी होईपर्यंत गाव आणि नाव हे दोन्ही कॉलम झाकून ठेवायचे. साहेब म्हणायचे, नाव दिसलं की डोळा तिरका होतो.

दीप्तीनं त्या ओळीची फॅट बघितली. म्हशीची फॅट लहरी असते. पेंड बदलली की बदलते, माजावर आली की बदलते. या ओळीतली फॅटही बदलत होती, पण स्वतःच्या मर्जीनं नव्हे. शेजारच्या कॉलमात दीप्तीनं, नाव न उघडता नुसत्या संकेतांकावरून, त्या डेअरीची रोजची सरासरी फॅट मांडली आणि दोन्ही कॉलम जवळजवळ एकसारखे निघाले. त्यातही एक गंमत होती. सरासरी दोन तऱ्हांनी काढता येते. दहा लिटरवाल्याला जास्त वजन द्यायचं आणि दीड लिटरवाल्याला कमी, ही एक तऱ्हा. सगळ्यांना सारखंच मोजायचं, ही दुसरी. ही ओळ जुळत होती ती दुसऱ्या सरासरीशी. दहा लिटरवाला आणि दीड लिटरवाला, दोघांचा वाटा एकसारखा.

मग तिनं लिटरला त्या वेळी आलेल्या माणसांच्या संख्येनं भागलं. शहाण्णव माणसं, दोन लिटर चारशे मिली. अठ्ठ्याऐंशी माणसं, दोन लिटर दोनशे. एकशे चार माणसं, दोन लिटर सहाशे. उत्तर दर वेळी एकच. माणशी पंचवीस मिली.

पंचवीस मिली म्हणजे नमुन्याची बाटली. डेअरीत दूध घातलं की त्यातलं एवढंसं दूध छोट्या बाटलीत काढतात, मशीनला दाखवतात, फॅट बघतात. मग बाटली रिकामी करतात ती एका बादलीत. ती बादली संस्थेची, म्हणजे साऱ्या गावाची. म्हैस कुठं नव्हतीच. कुणीतरी रोज दोन वेळा ती बादली एका सभासदाच्या नावावर घालत होतं.

काम चोख झालं होतं. दीप्तीनं झाकलेले कॉलम उघडले.

गाव: कासारमाळ. सभासद: जयसिंग बापू कु…

कॉलम अरुंद होता. तिनं तो थोडा ओढून रुंद केला. नाव पुरं दिसायला लागलं.

जयसिंग बापू कुरणे म्हणजे तिचे आबा. त्यांना जाऊन दोन वर्षं दोन महिने झाले होते.

ती थांबली. छातीत काहीतरी होईल म्हणून वाट बघितली. काही झालं नाही. तेव्हाही झालं नव्हतं. आबा गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला किती माणसं येणार, खुर्च्या किती, पाण्याचे जार किती, याची यादी तिनंच करून दिली होती. सगळे म्हणाले होते, पोरगी धीराची. दीप्तीला त्या दिवसातला धीरबीर काही आठवत नव्हता. खुर्च्या एकशे चाळीस होत्या, हे आठवत होतं.

तिनं डबा उघडला, दोन चपात्या आणि भेंडी खाल्ली, डबा धुऊन आणला. तेवढ्यात इंगवले साहेब तिच्या टेबलाशी आले.

“किती निघाली?”

“एकोणसत्तर. अडुसष्टांचं उत्तर मिळालं. एक राहिलंय.”

“शुक्रवारी अहवाल द्यायचाय बरं का. तुझ्या चाचणीवर मी संचालकांपुढं अर्धा तास बोललोय. एक जण म्हणाले, ऑडिटरला शेणाचा वास कळतो होय? म्हटलं, आमच्या पोरीला कळतो.” साहेब स्वतःच हसले. “ते एक कुठलंय?”

“बघून सांगते, सर.”

ते गेल्यावर तिनं ११८८ वर बोट ठेवलं आणि ओळ झाकली. एक्सेलमध्ये ते फार सोपं असतं. ओळ पुसली जात नाही, नुसती दिसेनाशी होते. वरच्या ओळीचा क्रमांक ११८७, खालचीचा ११८९. चाचणी तिची, कसोटी तिची. दोन वर्षांऐवजी अडीच वर्षं धरली असती तर ही ओळ यादीत आलीच नसती; कासारमाळचा संगणक तेवढा जुना नव्हता. कुणी विचारलंही नसतं. पण ओळ यादीत गेली की खातं बंद होणार, कासारमाळच्या डेअरीचे सचिव कृष्णात आण्णा यांना नोटीस जाणार, आणि अहवालात लेखापरीक्षकाचं आडनाव दोनदा येणार. एकदा सहीखाली आणि एकदा आत.

तिनं ओळ पुन्हा उघडली. मग संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी बुधवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रंकाळा स्टँडवरून गगनबावड्याची बस धरली. कासारमाळला उतरली तेव्हा सहा वाजत आले होते. डेअरीपुढं रांग लागली होती. किटल्या, बरण्या, कुणाच्या सायकलला अडकवलेला कॅन. आत खुर्चीवर कृष्णात आण्णा. ते पूर्वी नुसते काट्यावर बसायचे आणि शेजारी आबा बाटल्या धरायचे. आता दोन्ही कामं आण्णाच करत होते. दशांश चिन्ह दीप्तीला शाळेत कळलं नव्हतं, या दारात कळलं होतं. सहा पॉइंट सात मोठं की सहा पॉइंट सव्वीस, हे आण्णांनी दोन बाटल्या तिच्या हातात देऊन विचारलं होतं, आणि ती चुकली तरी बरोबर उत्तर लगेच सांगितलं नव्हतं. तीन दिवस वाट बघितली होती.

“आलीस व्हय? बस. रांग संपू दे,” आण्णा म्हणाले.

रांगेतल्या चिमणाबाईंनी तिला वरखाली न्याहाळलं. “जयसिंगाची पोरगी न्हवं ही? वाळलीस की गं. कोल्हापुरात जेवाय देत न्हाईत काय?”

“देतात की, मावशी.”

“मग आंगाला का लागंना? पिशवीतलं दूध पीत असशील.”

“तुमच्याच गावचं असतंय त्यात.”

“आमचं एकट्याचं असंल तर ठीक. बाकीच्यांचं काय सांगावं,” चिमणाबाई म्हणाल्या, आणि रांगेतले बाकीचे हसले.

रांग संपली. आण्णांनी शेवटची बाटली मशीनखालून काढली, बादलीत उलटी केली, बादली काट्यावर ठेवली. दोन लिटर शंभर. मग दीप्तीच्या डोळ्यांदेखत त्यांनी एका बोटानं दोन, एक, चार दाबलं. पडद्यावर आबांचं नाव आलं. मशीननं फॅट घेतली. पावतीची पट्टी कुरकुरत बाहेर आली. आण्णांनी ती फाडून खिळ्याला टोचली. त्या खिळ्यावर तसल्या पट्ट्यांचा गठ्ठाच होता.

“आण्णा, हे काय?”

“नमुन्याचं दूध.”

“आबांच्या नावावर?”

“मग कुणाच्या?” आण्णांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर लपवाछपवीचं काही नव्हतं. “पंधरा वरसं बाटल्या त्यानंच धरल्या. गावात नमुन्याचं दूध म्हणजे जयसिंगचं दूध, असंच म्हणतात की. वही हुती तवा तळाला येगळी ओळ असायची, नमुना म्हणून. ह्या कंप्युटरात ती ओळच न्हाय. तुमच्या हापिसात फोन केला. तिथनं एक बाई म्हणाली, नंबर घातल्याबिगर दूध घेता येत न्हाय. आता कुणाचा नंबर घालू?”

“तुमचा घालायचा.”

“म्हणजे गाव म्हणंल, सचिव नमुन्याचं दूध खातोय. चेअरमनचा घातला तर त्यो खरंच खाईल. त्याच महिन्यात जयसिंग गेला, वयनींनी म्हस इकली. त्याचा नंबर मोकळा हुता, कागद झालं नव्हतं. म्हटलं, मेलेल्या माणसावर कोण आळ घेतंय?”

दीप्तीनं वही काढली नव्हती. पेन हातात होतं, ते तिनं पर्समध्ये ठेवलं.

“पैसे आईच्या खात्यावर जातात, आण्णा. दोघांचं एकच खातं होतं.”

“जात असतील. मी इचारलं न्हाय, वयनी बोलल्या न्हाईत. बाटल्या धरणाऱ्यानं शेवटचा तांब्या घरी न्यायचा, ही ह्या डेअरीची रीतच हाय. त्याच दुधावर वाढलीस की तू.”

“तांब्याभर, आण्णा. बादली न्हवं.”

आण्णा बाटल्या विसळत होते. एक विसळली, पालथी घातली. दुसरी विसळली. “व्हय,” ते म्हणाले. “तांब्याभरच. चुकलंच माझं.”

“शुक्रवारी अहवाल द्यायचाय. तुमाला नोटीस येईल.”

“येऊ दे. न्हायतरी पुढल्या वरसी सुटतोयच मी. आकडा बरोबर काढलास?”

“माणशी पंचवीस.”

“बरोबर,” आण्णा म्हणाले. आवाजात जुना मास्तरपणा आला आणि गेला. “पण लिवायच्या आधी तुझ्या आईला इचार.”

“पैशाचं?”

“पैशाचं न्हवं गं. मेसेजचं. दूध घातलं की जयसिंगच्या मोबाईलवर मेसेज जातोय न्हवं का. मागल्या महिन्यात एक दिवस नेट बंद पडलं, आकडं दुसऱ्या दिवशी गेलं. वयनींचा लगीच फोन. आण्णा, डेअरी बंद हाय काय? आवाज असा, मला वाटलं घरात काय झालं.”

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर ऊस होता, मग उसाचा ट्रॅक्टर, मग पुन्हा ऊस. आपल्याला राग आलाय का हे दीप्तीनं तपासून बघितलं. आला नव्हता. वाईट वाटतंय का, तेही नाही. फुलेवाडीला उतरून ती दोन जिने चढून वर गेली.

आबा गेल्यावर महिन्याभरात आईनं, मीनाबाईंनी, म्हैस विकली होती आणि दीप्ती तिला इथं घेऊन आली होती. दोन खोल्या, गॅलरी, खाली किराणा दुकान. मीनाबाईंनी या दोन वर्षांत कसलीही तक्रार केली नव्हती. सकाळी उठायच्या, डबा करायच्या, गॅलरीत बसायच्या. दीप्तीला वाटायचं, रुळली आई.

“आई, आबांचा फोन कुठाय?”

मीनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी फडताळातल्या ज्वारीच्या डब्यामागं हात घातला आणि कापडी पिशवीतून फोन काढून दिला. चार्जर त्याला गुंडाळलेला होता. फोन पुरा भरलेला होता.

मेसेज शेकड्यांनी होते, सगळे एकाच साच्याचे. जयसिंग बापू कुरणे, सकाळ, म्हैस, २.४० लिटर, फॅट ६.७. जयसिंग बापू कुरणे, संध्याकाळ, म्हैस, २.१० लिटर, फॅट ६.९. दीप्तीनं दोन दिवस ज्या कॉलमकडं बघितलं होतं, तोच कॉलम इथं उभा सरकत होता.

“तुला ठाऊक होतं?”

“मला काय येड लागलंय? म्हस मीच इकली. दावं ह्या हातानं सोडलं.”

“मग?”

“मग काय. मेसेज येतोय, वाचायचा.” मीनाबाईंनी ताटातला एक खडा बाजूला काढला. “सकाळी दोन चाळीस आलं की समजायचं, गाव जाग्यावर हाय. दोन वीस आलं, म्हणजे आठजण आलं न्हाईत. लगीन असंल, न्हायतर मयत.”

“आठच कशावरून?”

“धा बाटल्यांचं पाव लिटर. तुझा आबाच सांगायचा. हिशेब काय अवघड हाय त्यात? फॅट उतरली की समजायचं, हिरवं गवत आलं. थंडीला चढती. गेल्या सोमवारी एकदम दोन लिटरवर आलं. म्हटलं, काय झालं असंल? आक्काला फोन लावला, तर धोंडुबाई गेली म्हणाली. पंधरा-सोळाजण मातीला गेलतं.”

माणसांच्या संख्येनं भागायचं हे दीप्तीला संगणकापुढं दोन दिवसांनी सुचलं होतं. आई चौथी शिकलेली. ती ज्वारीच्या डब्यामागचा फोन काढून रोज दोनदा तेच करत होती.

“पैशाला हात लावला नाहीस?”

“आपलं न्हाईत ते. पासबुक तुझ्याच कपाटात हाय.”

“आई, हे बंद करावं लागणार.”

“कोण करणार?”

“मीच शोधून काढलंय.”

मीनाबाईंचा हात ताटात थांबला. गॅलरीखालून दुकानदाराचं शटर अर्धं ओढल्याचा आवाज आला.

“तू काढलंस व्हय,” त्या म्हणाल्या. ताटातले तांदूळ बोटांनी एका कडेला ओढले. मग म्हणाल्या, “न्हाय काढलं तर?”

“तर चालत राहील. कुणाला कळणार नाही.”

“तुला कळंल की.”

“हो.”

“मग इचारतीस कशाला मला?”

फोन दीप्तीच्या हातात गरम झाला होता. तिनं तो आईला परत दिला. आईनं तो पिशवीत घातला, पण पिशवी डब्यामागं ठेवली नाही. मांडीवरच ठेवली आणि तांदूळ पुढं निवडायला घेतले.

शुक्रवारी दीप्तीनं अहवाल दिला. ११८८ क्रमांकाची ओळ तिच्या जागी होती. सोबत एक वेगळं पत्र होतं: हे खाते माझ्या मयत वडिलांचे असून जमा रक्कम माझ्या आईच्या बँक खात्यात आहे, ती संस्थेला परत करीत आहोत, कासारमाळच्या पुढील तपासणीतून मला वगळावे.

इंगवले साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं, कुरणे.”

“कळलं असतं. ११८७ नंतर ११८९ आलं असतं.”

साहेबांना हसावं की नाही ते समजलं नाही. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “चूक तशी आपलीच. नमुन्यासाठी वेगळा नंबरच दिला नव्हता. आता देऊ, सगळ्याच डेअऱ्यांना. सचिवांना नोटीस जाईल, पण मी सौम्य लिहितो. आणि खातं बंद करायला वारसाची सही लागेल.” त्यांनी खणातून फॉर्म काढला. “आईंची घेऊन ये. घाई नाही.”

त्या संध्याकाळी मीनाबाईंनी फॉर्मवर सही केली. त्यांना सही करायला वेळ लागतो. ‘मी’ काढायचा, वर टोपी, मग ‘ना’. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, “हितं काय लिवलंय?”

“मयत दिनांक.”

“ते तू लिव.”

दीप्तीनं तारीख लिहिली. शनिवारी बँकेत जाऊन पैसे संस्थेच्या खात्यावर भरले, पावती फाईलला लावली. मंगळवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई पलंगावर बसली होती आणि आबांचा फोन समोर होता.

“वाच गं. आज येगळाच आलाय. लांब हाय.”

दीप्तीनं वाचलं. “श्री. जयसिंग बापू कुरणे, आपले खाते क्रमांक २१४ बंद करण्यात आले आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.”

“आभारी म्हणतोय?”

“हो.”

“त्याला म्हणतोय?”

“हो, आई.”

मीनाबाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत. उठून त्यांनी आमटीला फोडणी दिली. जेवताना त्या म्हणाल्या, “मी उद्या गावाकडं जाती.”

“किती दिवस?”

“बघू. घर झाडाय लागंल. कौलं बघाय पायजेत. हितं बसल्या जागी कळत हुतं तवर ठीक हुतं. आता कळायचं असंल तर जायालाच पायजे की.”

“मी रविवारी सोडते.”

“रविवारपतोर काय करू? गॅलरीत बसू?”

त्यात टोमणा नव्हता. नुसता प्रश्न होता. दीप्तीनं भाताचं भांडं झाकलं. आईला थांब, असं काही तरी म्हणायचं असतं अशा वेळी, हे तिला माहीत होतं. ते वाक्य कुठल्या शब्दानं सुरू होतं, ते आठवलं नाही.

सकाळी दोघी फुलेवाडीच्या नाक्यावर आल्या. आईजवळ एक कापडी थैली आणि स्टीलचा डबा. बस आली, गर्दी नव्हती. मीनाबाई पायरीवर चढल्या आणि मागं वळून म्हणाल्या, “भेंड्या चिरून ठेवल्यात. आजच कर, न्हायतर काळ्या पडतील.” मग कंडक्टरला म्हणाल्या, “कासारमाळ. एक हाफ. न्हाय, आता बायकांना समद्यांनाच हाफ हाय न्हवं का?” कंडक्टर काहीतरी म्हणाला, त्यावर आई हसली. दीप्तीला ते हसू काचेतून दिसलं. मग बस निघाली.

दीप्ती तिथंच उभी राहिली. समोर एकानं वडापावचा गाडा लावला, तेल तापलं, पहिला घाणा निघाला, शाळेची पोरं आली आणि गेली. ऑफिसची वेळ होत होती. आज यादीतल्या पुढच्या डेअरीचे आकडे उघडायचे होते. आई परत कधी येणार, हे आपण विचारलंच नाही, असं तिच्या मनात आलं. मग किती दिवस, असं आपण विचारलं होतं आणि आई बघू म्हणाली होती, हेही आठवलं.

पुढ्यात करकचून ब्रेक लागला. गगनबावड्याचीच दुसरी बस. म्हणजे मधे निदान पाऊण तास गेला होता.

“ओ ताई, यायचं हाय काय?” कंडक्टरनं दार धरून विचारलं.

“न्हाय,” दीप्ती म्हणाली. “मी ऑफिसला निघालीय.”

ऑफिस उलट्या दिशेला होतं, तरी ती बसच्या दारासमोरून हलली नाही. कंडक्टरनं तिच्याकडं एकदा बघितलं, रिकाम्या रस्त्याकडं एकदा बघितलं, आणि घंटी न मारता अजून थोडा वेळ दार तसंच धरून ठेवलं.